आम्ही नुसत्याच फिरायला जाणार आहोत

येत्या नोव्हेंबरात आमच्या गटातल्या अठरा बायका दोन दिवस कळसूबाई आणि भंडारदऱ्याला जाणार आहेत. शनिवारी पहाटे नाशिकहून एसटीने निघायचे, घोटीवरून बारी गावात उतरायचे, कळसूबाईचा डोंगर चढायचा, रात्री धरणाच्या काठी तंबूत राहायचे, रविवारी रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आणि रंधा धबधबा बघून घरी परतायचे. अठराजणींपैकी बाराजणी लोकांच्या घरची धुणीभांडी करतात, दोघी अंगणवाडीत मदतनीस आहेत, तिघी घरी शिवणकाम करतात आणि एक भाजी विकते. बहुतेकजणी तंबूत कधी झोपलेल्या नाहीत.

यात लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे वाटेल. मलाही दोन महिन्यांपूर्वी तसेच वाटले असते. पण बेत जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न आम्हाला सगळीकडून विचारला जातो आहे: कशासाठी? नवऱ्यांनी विचारला, सासवांनी विचारला, कामाच्या घरच्या वहिनींनी विचारला. चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांनीही विचारला. वस्तीतल्या तरुण मंडळाची पोरे दर पावसाळ्यात गाडी करून कुठल्या तरी धबधब्यावर जातात. त्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुरुषाचे फिरणे हे फिरणेच असते, त्याला कारण लागत नाही. बाईने घराबाहेर पाऊल टाकले की कारण द्यावे लागते, आणि ते कारण स्वतःपलीकडचे असावे लागते.

देवाचे निमित्त, शिबिराचे निमित्त

बाईला घराबाहेर पडण्याची मान्य कारणे मोजकी आहेत. माहेर, दवाखाना, लग्न, मयत आणि देव. एकीचा नवरा आम्हाला म्हणाला, "वणीला जा की. मीच गाडी ठरवून देतो." सप्तशृंगीला जायला त्याची हरकत नाही, कळसूबाईला आहे. आणि कळसूबाईलाही नवरात्रात जत्रेला गेलो तर चालेल, एरवी नाही! डोंगर तोच, वाट तीच, शिड्या त्याच. फरक एवढाच की नवरात्रात बाई घरादारासाठी काहीतरी मागायला जाते.

देवाला जाणाऱ्या बाईची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. वणीच्या गाडीत बायका ज्या मोकळेपणाने हसतात, गातात, दुसऱ्याच्या हातचे जेवतात आणि पाय पसरून झोपतात, ते बघितले की त्या जाण्यातला निम्मा आनंद घराबाहेर पडण्याचाच असतो हे कळते. पण त्या आनंदाचे भाडे भरावे लागते. उपास, नवस, नवऱ्याचे आयुष्य, मुलाची नोकरी. "मला बरे वाटते म्हणून मी जाते", असे म्हणायची सोय तिथे नाही.

आपण चळवळीतल्या बायकांनी वेगळे काय केले? आपण देवाच्या जागी शिबिर आणले. बायकांना दोन दिवस बाहेर न्यायचे म्हणजे उद्दिष्टे हवीत, सत्रे हवीत, गटचर्चा हवी, शेवटी मूल्यमापनाचा कागद हवा. आमचा बेत ऐकून एका देणगीदार संस्थेचे अधिकारी म्हणाले, "नेतृत्वविकासाची दोन सत्रे टाका, म्हणजे अंदाजपत्रकात बसवता येईल." असे प्रस्ताव लिहायला मला शिकवलेले आहे आणि ते मला चांगले लिहिताही येतात. गटाच्या बैठकीत मी हा पर्याय मांडला. एकजण लगेच म्हणाली, "ताई, तिथंबी वही-पेन काढायचं असेल तर मी न्हाई येत." बाकीच्यांनी माना हलवल्या. पैसे नाकारायचे आणि महिन्याला भिशीसारखे थोडे थोडे साठवायचे, असे ठरले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा भार निम्मा झाला. सरकारच्या या एका सवलतीने बायकांच्या फिरण्याला जेवढा हात दिला, तेवढा आपल्या कित्येक ठरावांनी दिला नसेल.

सुटीचा प्रश्न हा कामाचाच प्रश्न आहे

एक ज्येष्ठ सहकारी मला रागाने म्हणाल्या, "वस्तीत पाणी नाही, रेशन नाही, बाया मार खातात, आणि तुम्ही सहली काढता?" हा आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

विश्रांती ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, असे कामगार चळवळीने कधी मानले नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली, तेव्हा त्या कामगारांचे पोट भरलेले नव्हते. चाळीत पाणी नव्हते, पगार वेळेवर नव्हता. तरीही सुटी मागितली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. माणूस म्हणजे नुसते काम करणारे हात नव्हेत, एवढे त्या मागणीने सांगितले. पण त्या रविवारी चाळीत स्वयंपाक कोणी केला? गिरणीत राबणाऱ्या बाईला त्या दिवशी गिरणीची सुटी मिळाली, चुलीची मिळाली नाही. उलट सगळे घरी म्हणून रविवारी तिचे काम वाढले. सव्वाशेहून जास्त वर्षे झाली, तिचा रविवार अजून आलेला नाही.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची २८९ मिनिटे, पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. दोघांमधले अंतर जवळजवळ होते तेवढेच राहिले.

आमच्या बाराजणींना तर दोन्हीकडे भांडी आहेत, स्वतःच्या घरी आणि लोकांच्या घरी. त्यांच्या सुटीला भाषेत धड शब्दसुद्धा नाही. कारकून रजा घेतो, अधिकारी सुटीवर जातो, मोलकरीण मात्र "दांडी मारते". तिच्या न येण्याला "खाडा" म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापतात. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि पगाराबरोबर रजेचा प्रश्नही तेव्हापासून मांडला जातो आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. आठवड्याच्या पगारी सुटीचा हक्क त्यात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण मान्यता अजून दिलेली नाही.

म्हणून आमच्या सहलीचे पहिले काम तंबू शोधण्याचे नव्हतेच. पहिले काम होते कामाच्या प्रत्येक घरी महिनाभर आधी चिठ्ठी देण्याचे: अमुक दोन दिवस मी येणार नाही, पगार कापू नये. काही घरांनी हो म्हटले. काहींनी "बदली बाई देऊन जा" असे सांगितले. एका घरी उत्तर मिळाले, "आम्हीच यंदा कुठे गेलो नाही, तुम्ही कसल्या जाता?" या वाक्यात सगळा वर्गभेद आला.

मैत्रिणींनो, इथे एक कडवट गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यापैकी अनेकींच्या घरी भांडी घासायला कोणीतरी येते, म्हणून आपण बैठकींना आणि मोर्चांना वेळेवर पोचतो. तिला आठवड्याची पगारी सुटी आहे का? तिने दोन दिवस डोंगरावर जायचे म्हटले तर आपण तिला कारण विचारू का? ही मागणी सरकारकडे नेण्याआधी आपल्या मोरीपाशी तिचा निकाल लागला पाहिजे.

कळसूने काय केले

आम्ही ज्या डोंगरावर जाणार आहोत तो महाराष्ट्रातला सर्वांत उंच, १६४६ मीटर. त्याला ज्या कळसूचे नाव आहे तिची गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. तिला रानात हिंडायची आवड. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याच्या गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली: मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

मी ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या बायका थोडा वेळ गप्प बसल्या. मग एकीने विचारले, "आन् तिचा पगार?" दुसरी म्हणाली, "अट घातली व्हती ना, मग मोडली कशी त्यांनी?" घरकामगाराने कामाला लागताना अटी घालाव्यात आणि मालकाने त्या मोडल्या तर काम सोडावे, हे आम्ही बैठकींत वर्षानुवर्षे सांगतो. या मुलुखातल्या लोकांनी ते कधीच गोष्टीत बांधून ठेवले होते. लोकांनी तिला देवी केली, देऊळ बांधले, आणि अट मोडणाऱ्या घराची गोष्ट मागे पडली.

बेत कसा केला

कुटुंबाच्या सहलीत बाईचे काम थांबत नाही, त्याची फक्त जागा बदलते. आदल्या रात्री दशम्या आणि चटण्या तिने करायच्या, मुलांचे स्वेटर आणि सासऱ्यांच्या गोळ्या तिने आठवणीने घ्यायच्या, कड्यावर सगळे वारा खात असताना सतरंजीवर डबे तिने उघडायचे आणि परत आल्यावर चिखलाचे कपडे तिने धुवायचे. म्हणून आमच्या बेतातले तंबू, भाडे, जेवण हे सोपे भाग होते. अवघड होते ते घरचे.

तारीख ठरवायलाच दोन बैठका लागल्या. दिवाळीआधी कामाच्या घरी साफसफाई असते, तेव्हा सुटी मिळत नाही. पावसाळ्यात कळसूबाईची वाट निसरडी होते. मेअखेर आणि जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला इतकी गर्दी लोटते की रात्री गाड्या आणि दारूच्या बाटल्यांमधून वाट काढावी लागते. म्हणून दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार धरला. तेव्हा आभाळ मोकळे असते, झऱ्यांना थोडे पाणी असते, रात्री थंडी असते पण गोधडीने भागते.

मग प्रत्येकीने दोन दिवसांच्या घरकामाची यादी केली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगितली, बाकीच्यांनी उतरवली. नळाला पाणी पहाटे पाचला येते, इथपासून म्हातारीचे औषध रात्री नऊला, इथपर्यंत. एकीची यादी दोन पाने भरली. ती बघून तिचाच नवरा म्हणाला, "एवढं रोज करते व्हय?" या याद्या घरातल्या पुरुषांच्या हातात द्यायच्या, असे ठरले. आणि एक नियम केला, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आईचे काम मुलीच्या गळ्यात पडता कामा नये. ज्या घरी शाळकरी मुलीला दोन दिवस आई व्हावे लागेल, त्या घरची मुलगी आमच्याबरोबर येईल. अशा चार मुली येत आहेत.

शब्दही ठरवून बदलला. घरी विचारायचे नाही, सांगायचे. "मी जाऊ का" आणि "मी जाणार आहे" यांच्यात काय अंतर आहे, हे ज्यांनी विसाव्या वर्षापासून परवानगी मागितली आहे त्यांनाच कळेल. अठरापैकी तिघींच्या घरी यावरून भांडण झाले. एकीच्या दारात आम्ही पाचजणी जाऊन बसलो, तेव्हा ते मिटले.

संडासाचा विषय कोणी काढत नाही, म्हणून तो पहिल्याच बैठकीत काढला. बाया प्रवासात पाणी पीत नाहीत, दिवसभर लघवी धरून ठेवतात आणि नंतर आठवडाभर जळजळ सोसतात. डोंगर चढायला तीन-चार तास लागतात, पाणी न पिता चढले तर चक्कर येईल. म्हणून बघून यायला गेले तेव्हा मी आधी आडोसे आणि संडास पाहिले, मग देखावे. पाळी आली म्हणून कोणी मागे राहणार नाही आणि वरच्या देवळापाशी थांबायला कोणाला बंदी नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पिशवीतून खाली आणायचे, रानात टाकायचे नाहीत. शिड्या चढताना साडी पायात येते, म्हणून काहीजणी पंजाबी ड्रेस घालणार आहेत आणि काही मुलांचे बूट मागून आणणार आहेत. तंबू अभयारण्याच्या हद्दीत ठोकायचा असेल तर वनखात्याला आधी विचारावे लागते. आम्ही गावातल्या एका कुटुंबाच्या शेतात जागा घेतली.

"रात्री नुसत्या बायका? काही झाले तर?" हा प्रश्न काळजीचा असतो, पण त्याच्या पोटात एक खोटेपणा असतो. घर सुरक्षित आणि डोंगर धोक्याचा, असे तो गृहीत धरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी दर शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्यांना घरी झोपू नका, असे कोणी म्हणत नाही. आम्ही एकत्र राहू, बॅटऱ्या घेऊ, यजमान कुटुंब जवळ आहे, गावच्या पोलीस पाटलाला कळवले आहे. काळजी घ्यायची ती एवढी. तिच्यासाठी बेत मोडायचा नाही.

पायथ्याची बाई

आता आपल्याच बाजूला एक प्रश्न विचारते. आपली सुटी कोणाच्या राबण्यावर उभी राहणार?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. ते १९८६ साली जाहीर झाले. इथे महादेव कोळी आणि ठाकर लोकांची गावे आहेत. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, त्याचे पाणी प्रवरेने खालच्या उसाच्या मुलुखात जाते. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या वरच्या वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चढ-उतार करतात. शहरातून येणारा ज्याला निसर्ग म्हणतो, ते इथल्या बाईचे सरपण आहे, हिरडा आहे, गुरांचा चारा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिचा हक्क मानला आहे, आणि तो मिळवायला तिला अजून झगडावे लागते.

पर्यटन वाढल्यावर तिच्या वाट्याला काय आले? तंबू अनेकदा बाहेरच्या माणसाचे असतात, वाटाड्या गावातला पुरुष असतो, आणि पिठले-भाकरी करणारी बाई मागे चुलीपाशी असते. तिचे नाव पावतीवर नसते. ज्या घरी आम्ही उतरणार आहोत तिथल्या बाईला मी विचारले, तुम्ही वर किती वेळा जाता? ती म्हणाली, "नवरात्रात जाते. एरवी कोण सोडतंय? तुमच्यासारखी पावणी असली की चूल असती." महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर तिच्या दारात आहे, आणि तिलाही तिथे जायला देवीचे निमित्त लागते.

म्हणून आमचे नियम असे ठरले. जेवणाचे पैसे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात द्यायचे. जेवणाची वेळ तिला विचारून ठरवायची, मध्यरात्री चहा मागायचा नाही. पाणी शेंदायला दोघी-दोघींनी जायचे. ताटे आपली आपण घासायची. शनिवारी दुपारचे जेवण सोबतच्या डब्यातले, म्हणजे चढताना तिलाही येता येईल. तिने अजून हो म्हटलेले नाही. ती घरी सांगून बघणार आहे.

आपण काय करायचे

या अंकाच्या वाचक बहुतेक गट चालवणाऱ्या बायका आहेत. तुमच्यापुढे चार गोष्टी ठेवते.

पहिली, प्रत्येक गटाने वर्षातले दोन दिवस असे ठेवावेत की ज्यांत एकही सत्र नसेल. दुसरी, अंदाजपत्रकात "विश्रांती" हे कलम त्याच नावाने लिहावे. देणगीदाराने ते खोडले तर का खोडले, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. तिसरी, घरकामगारांच्या आठवड्याच्या पगारी सुटीचा करार लेखी करावा आणि सुरुवात कार्यकर्त्यांच्या घरांपासून करावी. नंतर तोच कागद घेऊन सरकारकडे जावे, करार क्रमांक १८९ ला मान्यता मागावी. चौथी, गडाडोंगरांच्या पायथ्याशी बायकांसाठी पाण्यासह संडास हवेत, ही मागणी तिथल्या ग्रामपंचायतींबरोबर मिळून पर्यटन आणि वनखात्याकडे लावून धरावी. ते आपल्या दोन दिवसांच्या उपयोगाचे आहेत, गावच्या बाईच्या बारा महिने.

मारहाण, पाणी, रेशन हे प्रश्न आम्ही सोडलेले नाहीत. सोमवारी सकाळी त्या अठराजणी पुन्हा कामाच्या घरी असतील आणि मंगळवारी रेशनच्या रांगेत. पण जिला स्वतःसाठी दोन दिवस मागता येत नाहीत, तिने बाकीचे हक्क तरी कोणत्या बळावर मागायचे? तुमच्या गटाने असा बेत केला तर तारीख कशी ठरली, खर्च किती आला, घरी काय झाले आणि कामाच्या घरांनी काय उत्तर दिले, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. जागा कितीही सुंदर असो, तिचे वर्णन थोडक्यात चालेल.